मास्तरांच्या खिशातलं विष

२०१६ साली कंपनीने मला सहा आठवड्यांसाठी चीनमध्ये ग्वांगझौला पाठवलं होतं. क्लायंटचं जुनं सॉफ्टवेअर, त्यातल्या सगळ्या कॉमेंट्स चिनीत आणि डॉक्युमेंटेशन शून्य. माझ्या शेजारी बसणारी एक टेस्टर मुलगी जेवणाच्या सुट्टीत मला चिनी शिकवायची. पहिले चार दिवस आम्ही फक्त 'मा' म्हणत होतो. एका सुरात 'मा' म्हणजे आई, दुसऱ्या सुरात अंबाडीसारखं एक झाड, तिसऱ्यात घोडा आणि चौथ्यात शिव्या देणे. मी तिच्या आईला बहुतेक रोज घोडा म्हणत असणार. आमची आख्खी लाइन हसायची, मीही हसायचो.

एका रविवारी स्वस्तातले कपडे मिळतात म्हणून तिने मला शिसानहांग नावाच्या रस्त्यावर पाठवलं. घाऊक कपड्यांचा बाजार, गठ्ठे, हातगाड्या, धक्काबुक्की... आपलं मंगलदास मार्केट आठवावं. नावाचा अर्थ 'तेरा हाँगांचा रस्ता'. हाँग म्हणजे व्यापारी पेढी. हे तेरा कोण म्हणून रात्री हॉटेलवर शोधायला बसलो आणि एका पंचवीस वर्षांच्या पोराच्या नादी लागलो, ते आजतागायत. तेव्हा आजचा शनिवार त्याच्या नावे.

रॉबर्ट मॉरिसन. जन्म १७८२, इंग्लंडच्या उत्तरेकडचा. बाप बुटांचे लाकडी साचे बनवायचा आणि पोरगाही त्याच कामाला लागला होता. (बूट लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.) दिवसा साचे आणि रात्री लॅटिन असं करत तो शिकला आणि १८०४ मध्ये लंडन मिशनरी सोसायटीने त्याला घेतलं. गॉस्पोर्टच्या शाळेत मिशनऱ्याचं प्रशिक्षण, मग लंडनला थोडं वैद्यक, थोडं खगोलशास्त्र. चीनला जायचं ठरलं होतं, पण चिनी शिकवणार कोण? त्या काळच्या इंग्लंडात चिनी येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी.

शेवटी लंडनमध्ये इंग्रजी शिकायला आलेला योंग साम-ताक नावाचा एक कॅंटनचा तरुण सापडला. दोघं एकत्र राहायला लागले. ब्रिटिश म्युझियममध्ये बायबलच्या काही भागांच्या चिनी भाषांतराचं एक हस्तलिखित पडून होतं, कुणा कॅथलिक पाद्र्याने शंभर वर्षांपूर्वी केलेलं. रॉयल सोसायटीकडे लॅटिन-चिनी हस्तलिखित कोश होता. मॉरिसनने योंगच्या मदतीने दोन्ही उतरवून काढले. एकेक अक्षर, हाताने. अर्थ कळायच्या आधी चित्र काढल्यासारखं. दुसऱ्याचा कोड काही न समजता कॉपी करणं आम्हाला नवीन नाही म्हणा, पण आम्ही तो निदान माउसने करतो.

योंगमास्तर तापट. एकदा त्यांनी कागदावर काही अक्षरं लिहून दिली. मॉरिसनने ती पाठ केली आणि कागद दिला शेकोटीत टाकून. मास्तर असे भडकले की तीन दिवस शिकवणं बंद! आपल्याला यात काही विचित्र वाटणार नाही. कागदाला पाय लागला तर आपण आजही नकळत हात लावून नमस्कार करतो. लिहिलेलं अक्षर जाळणं चिनी माणसाला तसंच अपमानाचं वाटायचं, निदान असं फालतू कारणासाठी जाळणं. नॉर्थंबरलँडच्या पोराला हे कोण सांगणार? त्याने तोडगा मात्र इंजिनियरला शोभेल असा काढला. तेव्हापासून तो टिनच्या पत्र्यावर अक्षरं लिहायचा आणि पुसायचा. म्हणजे पाटीच की.

३१ जानेवारी १८०७ ला तो निघाला, पण उलट्या दिशेने! ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या जहाजांवर मिशनरी नको होते. उगाच धर्माच्या भानगडी काढून चहाचा धंदा बुडवतील ही भीती. त्यामुळे आधी अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्क, तिथे जेम्स मॅडिसनकडून (हो, जे नंतर राष्ट्राध्यक्ष झाले तेच, तेव्हा परराष्ट्रमंत्री होते) कॅंटनमधल्या अमेरिकन वकिलाला शिफारसपत्र आणि मग 'ट्रायडेंट' नावाच्या जहाजाने चीन. ४ सप्टेंबरला मकाव, नंतर काही दिवसांतच कॅंटन. कॅंटन म्हणजेच आजचं ग्वांगझौ.

आता ते तेरा हाँग. १७५७ पासून युरोपियन जहाजांना चीनमध्ये व्यापारासाठी एकच बंदर उघडं होतं, कॅंटन. तिथेही शहरात प्रवेश नाही. नदीकाठच्या एका चिंचोळ्या पट्टीत गोऱ्यांच्या वखारी, व्यवहार फक्त परवाना असलेल्या हाँग व्यापाऱ्यांशी, बायका आणायच्या नाहीत आणि व्यापाराचा हंगाम संपला की चंबूगबाळं आवरून मकावला परत जायचं. मुंबईचे पारशी शेठही याच पट्टीत यायचे. कापूस आणि अफू आणायचे. जे.जे. हॉस्पिटल आणि जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधल्या जमशेटजी जीजीभाईंनी चीनच्या पाच वाऱ्या केल्या होत्या, ते याच धंद्यासाठी. पिजिन नावाच्या धेडगुजरी इंग्रजीत सगळा व्यवहार चाले आणि त्यात आपलेही शब्द शिरले. 'चिट' म्हणजे आपली चिठ्ठी. आणि सराफाचा 'श्रॉफ' झालेला मी स्वतः हाँगकाँगच्या पार्किंगमध्ये पैसे भरायच्या खिडकीवर वाचलाय.

म्हणजे धंद्यासाठी कुणाला खरी चिनी शिकायची गरज नव्हती. आणि शिकायची म्हटलं तर बंदी होती. परदेशी माणसाला चिनी भाषा शिकवणं हा गुन्हा होता.

गुन्हा म्हणजे दंडबिंड भरून सुटण्यातला नव्हे. मॉरिसनच्या अठ्ठेचाळीस वर्षं आधी, १७५९ मध्ये, कंपनीचा जेम्स फ्लिंट नावाचा माणूस कॅंटनच्या जकात अधिकाऱ्यांची तक्रार घेऊन थेट उत्तरेला तिएनजिनपर्यंत गेला होता. फ्लिंटला चिनी येत होती. अर्ज चिनीत, व्यवस्थित मायन्यात लिहिलेला. सम्राट चियेनलुंगने चौकशी लावली आणि त्या अधिकाऱ्याची उचलबांगडीही केली. मग प्रश्न विचारला की हा अर्ज लिहायला मदत कुणी केली? फ्लिंटला मकावात तीन वर्षं कैद आणि मग हद्दपारी. आणि त्याला मदत करणाऱ्या लिऊ या-प्येन नावाच्या चिनी माणसाचं डोकं उडवलं.

शिकणाऱ्याला घरी पाठवायचं आणि शिकवणाऱ्याला मारायचं. वटहुकूम समजायला भाषांतराची गरज नव्हती.

अशा गावात आमचा मॉरिसन उतरला. इंग्रज म्हणून राहायची सोय नाही (कंपनीचा परवाना नाही), त्यामुळे अमेरिकन व्यापाऱ्यांच्या वखारीत, अमेरिकन म्हणून. राहणं इतकं महाग की पैशाचा घोर लागला. मकावात राहावं तर तिथे पोर्तुगीज कॅथलिक पाद्री याच्यावर टपलेले. एकाच देवाचे लोक, पण क्लायंटवरून दोन व्हेंडरांची भांडणं असतात तशी. असो.

इथे त्याला मदत झाली जॉर्ज टॉमस स्टॉन्टनची. हा कंपनीचाच माणूस. १७९३ मध्ये मॅकार्टनीच्या वकिलातीबरोबर बारा वर्षांचा पोरगा म्हणून पेकिंगला गेला होता, प्रवासात जहाजावर चिनी शिकला होता आणि खुद्द चियेनलुंगने त्याच्याशी बोलून खूश होऊन आपल्या कमरेची थैली त्याला दिली होती. त्याने मॉरिसनला मास्तर मिळवून दिला. एबल युन, म्हणजे युन क्वान-मिंग. मूळचा उत्तरेकडचा कॅथलिक, पेकिंगच्या पाद्र्यांकडे लॅटिन शिकलेला. आता हे दृश्य डोळ्यासमोर आणा. कॅंटनमधल्या एका बंद खोलीत एक इंग्रज आणि एक चिनी बसलेत आणि त्यांच्यातली सामायिक भाषा लॅटिन! साचे बनवता बनवता रात्री घोकलेलं लॅटिन असं कामाला आलं.

पण युनची चिनी ही दरबाराची, मँडरिन. खाली नोकर, नावाडी, भाजीवाला सगळे कॅंटनीज बोलणारे. म्हणजे तुम्ही मेहनतीने पेशव्यांच्या बखरी वाचायला शिकलात आणि मग वेंगुर्ल्याच्या बाजारात बांगड्याचा भाव करायला गेलात तसं काहीसं. त्यामुळे बोलीसाठी दुसरे मास्तर शोधावे लागले.

त्या पहिल्या काही महिन्यांत त्याने जे केलं ते ऑनसाइटला गेलेला प्रत्येक उत्साही फ्रेशर करतो. त्याने चिनी अंगरखा घातला, जाड तळाचे चिनी बूट घातले, नखं वाढवली, शेंडी ठेवली, मास्तरांबरोबर काड्यांनी जेवायला लागला. नंतर त्याच्याच लक्षात आलं की यामुळे आपण लपत नाही, उलट जास्त उठून दिसतो. बाकीचे गोरे कोट-टोपीत फिरतायत आणि हा एकटा शेंडीवाला. मग नखं कापली, शेंडी उडवली आणि परत साहेब झाला. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण चूक कळल्यावर ती लगेच रोलबॅक करणारी माणसं कमी असतात.

तरी घराबाहेर पडण्याची भीती राहिलीच. मकावात असताना तो इतका कोंडून घेऊन राहायचा की पहिल्यांदा फिरायला बाहेर पडला तोही चांदण्या रात्री, दोन चिनी सोबत्यांबरोबर. तब्येत ढासळली. पण मंडळी, सगळी चरित्रं त्याच्या या हालांवर पानंच्या पानं लिहितात आणि मला वाचताना सारखं वाटत राहतं की अरे, पकडला गेला असता तर याला जहाजात बसवून परत पाठवला असता. फार फार तर मकावची कोठडी. खोलीत दुसराही एक माणूस बसलाय, त्याचं काय?

त्या माणसाविषयी एक आठवण सॅम्युएल वेल्स विल्यम्स नावाच्या अमेरिकन मुद्रकाने लिहून ठेवली आहे. विल्यम्स १८३३ मध्ये एकविसाव्या वर्षी कॅंटनला आला. त्यालाही चिनी मास्तर मिळाला, चांगला विद्वान. हा मास्तर रोज येताना बायकांचा एक विलायती बूट घेऊन यायचा आणि टेबलावर ठेवायचा. कुणी अनोळखी आत आलंच तर म्हणायचं, मी चांभार आहे, साहेबांच्या बुटाचं काम घ्यायला आलोय! काही महिने हे चाललं, मग भीती गेली आणि बूट यायचा बंद झाला. विल्यम्स पुढे म्हणतो की मॉरिसनने त्याला आपल्या एका माणसाबद्दल सांगितलं होतं. तो माणूस कायम अंगावर विष बाळगायचा. पकडायला आलेच तर छळाआधी मरता यावं म्हणून.

१८३३ चा बूट वाचून हसू येतं. पण हे विष नुसती अफवा ऐकून घेतलेलं नव्हतं, लिऊच्या डोक्याची गोष्ट कॅंटनमध्ये सगळ्यांना माहीत होती. मग तो माणूस रोज का येत होता? पगार हे कारण होतंच, आणि त्यात कमीपणा काही नाही. आपणही पगारासाठीच जातो. युनसारख्यांचा धर्म हेही कारण असेल. पण मॉरिसनचा देव त्याला बोलवत होता म्हणून दुसऱ्या कुणीतरी विष घेऊन फिरायचं, हा हिशेब मला त्या मिशनच्या कुठल्याही जमाखर्चात बसवता येत नाही. मॉरिसन दुष्ट नव्हता. त्याला हे माहीत होतं आणि तो शिकत राहिला.

पुढचं पटकन सांगतो. १८०९ च्या सुरुवातीला तो वैतागून पेनांगला निघून जायच्या विचारात होता. २० फेब्रुवारीला त्याचं लग्न झालं आणि त्याच दिवशी नोकरीची ऑफर आली, वर्षाला ५०० पौंड, चिनी दुभाषा म्हणून. कंपनीचं नाव? ईस्ट इंडिया कंपनी! जिने तिकीट दिलं नव्हतं तीच. दीड वर्षात पठ्ठ्याने एवढी भाषा कमावली होती. त्याच्या चिनी-इंग्रजी कोशाचे भाग १८१५ ते १८२३ या काळात मकावला कंपनीच्याच खर्चाने छापून झाले, आणि संपूर्ण बायबलही १८२३ पर्यंत आलं. त्याचं चिनी व्याकरण मात्र १८१५ मध्ये बंगालात श्रीरामपूरला छापलं गेलं. हो, विल्यम कॅरीचं श्रीरामपूर, जिथून १८०५ मध्ये मराठी व्याकरण आणि १८१० मध्ये मोडीतला मराठी कोश निघाला. कॅरीलाही मराठीसाठी वैजनाथ पंडितांची मदत होती. पण वैजनाथशास्त्री फोर्ट विल्यमला उघड नोकरीवर होते, त्यांना खिशात काही बाळगावं लागलं नाही.

मॉरिसन १८३४ मध्ये कॅंटनला वारला. मकावच्या जुन्या प्रोटेस्टंट दफनभूमीत त्याची कबर आहे. युनचं नाव निदान त्याच्या कागदपत्रांत राहिलं. विषवाल्याचं नाव विल्यम्सच्या आठवणीत नाही, 'कामाला ठेवलेला माणूस' एवढंच आहे.

ग्वांगझौहून परत आल्यावर मला एक कौतुकाचं मेल आलं होतं, सगळ्या मॅनेजर लोकांना सीसी करून. चिनी कॉमेंट्स वाचून मी मॉड्यूल कसं उलगडलं, नवीन संस्कृतीशी कसं जुळवून घेतलं, वगैरे. त्या कॉमेंट्सपैकी निम्म्याहून जास्त त्या मुलीने जेवणाचा डबा बाजूला सारून मला वाचून दाखवल्या होत्या. तिचं नाव त्या मेलमध्ये नव्हतं. मी 'रिप्लाय ऑल' करून 'थँक यू' एवढंच लिहिलं.