पाठीत दडलेली गाठ

पाठ कधी दुखली नाही, असा माणूस सापडणे कठीण. आणि पाठदुखीची कारणे आपल्याकडे तयारच असतात. ओझे उचलले, गारवा लागला, वात आहे, वय झाले. बहुतेक दुखणी काही दिवसांत थांबतात, त्यामुळे ही कारणे खपूनही जातात. पण शंभर वेळा खरी ठरलेली समजूत एखाद्या वेळी फसवते. मज्जारज्जूवरच्या गाठींचा इतिहास हा बराचसा अशा फसगतीचा इतिहास आहे.

लंडनमध्ये कॅप्टन गिल्बी नावाच्या गृहस्थांची पाठ १८८४ साली दुखू लागली. अनेक डॉक्टर झाले, उपचार झाले. कुणी नसांचे दुखणे म्हटले. तीन वर्षांनी त्यांचे दोन्ही पाय लुळे पडले आणि लघवीवरचा ताबा गेला. जून १८८७ मध्ये डॉ. विल्यम गावर्स यांनी त्यांना तपासले. तेव्हा क्ष-किरणांचाही शोध लागायचा होता. दुखणे नेमके कुठे सुरू झाले आणि कुठून खाली बधिर आहे, एवढ्यावरून त्यांनी गाठीची जागा ठरवली. ९ जूनला सर्जन व्हिक्टर हॉर्सली यांनी पाठ उघडली, तर गाठ दिसेना. आणखी थोडे वरचे हाड काढले, तेव्हा बदामाएवढी गाठ हाती लागली. गिल्बी पुन्हा चालू लागले.

एवढीशी गाठ एवढा घात का करते? मज्जारज्जू आपल्या करंगळीएवढा जाड, आणि तो मणक्यांच्या हाडाच्या नळीतून जातो. नळी पसरत नाही. त्यामुळे गाठ कॅन्सरची नसली, तरी तिचा दाब मज्जारज्जूवरच येतो.

पुढे १९२१ साली फ्रान्समध्ये सिकार आणि फॉरेस्टिए यांनी खसखशीच्या तेलातले आयोडीन पाठीच्या नळीत सोडून एक्स-रे काढण्याची युक्ती काढली. औषध जिथे अडेल तिथे गाठ. याला मायलोग्राम म्हणतात. आपल्या देशात डॉ. जेकब चंडी यांनी १९४९ साली वेल्लोरला न्यूरोसर्जरीचा विभाग सुरू केला. मुंबईत डॉ. रामचंद्र गिंडे आणि डॉ. होमी दस्तूर यांनी या शस्त्रक्रियेचा पाया घातला.

आमच्या नागपुरात मेडिकल कॉलेज १९४७ साली सुरू झाले. मी इतवारीत दवाखाना थाटला तो सत्तरच्या दशकात. माझ्याकडे एक विणकर येत. म्हणायचे, "डॉक्टरसाहेब, दिवसा बरं असते जी, रातच्याला आडवं झालो का लय दुखते." मी म्हणालो, दिवसभर मागावर वाकून बसता, दुखणारच. गोळ्या लिहून दिल्या. आठ महिन्यांनी ते आले ते मुलाच्या खांद्यावर हात ठेवून. पायातली चप्पल निसटते आणि कळतही नाही, अशी तक्रार होती. तेव्हा माझे डोळे उघडले. मुंबईला मायलोग्राम झाला, शस्त्रक्रिया झाली. गाठ साधीच निघाली. पण काठी सुटली नाही आणि ते पुन्हा मागावर बसले नाहीत. गाठ साधी होती. उशीर माझा होता. खूण त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितली होती, मी ती ऐकली नाही.

म्हणून काही खुणा सांगतो. विश्रांतीने न थांबणारे, रात्री आडवे झाल्यावर वाढणारे दुखणे. खोकताना-शिंकताना पाठीतून निघणारी कळ. छातीभोवती किंवा पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटणे. पायांना मुंग्या, बधिरपणा, जडपणा. गरम-गार न कळणे. अंधारात तोल जाणे. पूर्वी कॅन्सर झालेल्या माणसाला नव्याने पाठदुखी लागली, तर तीही अंगावर काढू नये. पायातली शक्ती जाऊ लागली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसण्याची जागा बधिर झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावे. मणक्याचा क्षयही असाच दाब आणतो, आणि तो औषधांनी बरा होतो. तेव्हा नुसते चोळत बसू नये.

अशा गाठी विरळा असतात, घाबरून जाण्याचे कारण नाही. आज या तपासणीसाठी मुंबईची गाडी पकडावी लागत नाही. एमआरआय नागपुरात होतो, शस्त्रक्रियाही इथेच होतात. पण यंत्रापर्यंत रोग्याला पोचवतो तो त्याचे ऐकणारा माणूस. कधी तो डॉक्टर असतो, तर कधी घरातलाच कुणी. आजोबा रात्री उठून बसतात, बाबांची चप्पल वाटेत राहते, हे घरच्यांनाच आधी दिसते. गावर्स यांच्याजवळ यंत्र नव्हते. त्यांनी रोग्याला नीट विचारले आणि नीट तपासले. मला ते शिकायला एका विणकराचे पाय मोजावे लागले.