बिदअत

बिदअत ही इस्लामी धर्मशास्त्रातील एक संकल्पना आहे. या अरबी शब्दाचा मूळ अर्थ 'पूर्वी नसलेली, नव्याने निर्माण केलेली गोष्ट' असा होतो. धर्मशास्त्रीय परिभाषेत, कुराण आणि मुहम्मद पैगंबरांची सुन्नत यांत आधार नसताना धर्माचा भाग म्हणून रूढ केलेल्या श्रद्धेस वा आचारास बिदअत म्हणतात. व्यवहारातील नवे शोध, वाहने वा यंत्रे यांचा या संज्ञेत सामान्यतः समावेश होत नाही. वाद प्रामुख्याने उपासना आणि भक्तिपर आचार यांविषयी आहे. महाराष्ट्रात हा वाद मुख्यतः ईद-ए-मिलाद, उरूस, संदल, दर्ग्यावरील नवस आणि मोहरमचे ताबूत यांच्या संदर्भात आढळतो.

संकल्पना व वर्गीकरण

प्रत्येक बिदअत ही पथभ्रष्टता होय, अशा आशयाचे पैगंबरवचन हदीस-संग्रहांत आले आहे. दुसरीकडे, रमजानमधील तरावीहची नमाज एका इमामामागे सामूहिकरीत्या सुरू झाल्यावर दुसरे खलिफा उमर यांनी तिला 'चांगली बिदअत' म्हटल्याची नोंदही हदीस-वाङ्मयात आहे. या दोन आधारांचा मेळ कसा घालावा, यावरून पुढील मतभेद उत्पन्न झाले.

इमाम शाफई यांच्या मते कुराण व सुन्नत यांच्याशी विसंगत असलेले नावीन्य निंद्य, तर सुसंगत असलेले अनिंद्य होय. इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम (११८१–१२६२) यांनी बिदअतीचे पाच प्रकार केले: वाजिब (आवश्यक), मंदूब (इष्ट), मुबाह (अनुज्ञात), मकरूह (अनिष्ट) व हराम (निषिद्ध). कुराण समजण्यासाठी अरबी व्याकरणाचे शास्त्र रचणे ही त्यांच्या मते वाजिब बिदअत ठरते. अंदलुसी विद्वान शातिबी (मृत्यू १३८८) यांनी 'अल-इतिसाम' या ग्रंथात हे वर्गीकरण नाकारले. त्यांच्या मते शरियतच्या सर्वसाधारण तत्त्वांतून निघणारी गोष्ट मुळात बिदअतच नसते आणि जी खरोखर बिदअत असते ती चांगली असू शकत नाही. त्यामुळे दोन्ही पक्षांतील काही अंतर केवळ संज्ञेच्या व्याख्येचे आहे. खरा प्रश्न विशिष्ट आचार कोणत्या बाजूस मोडतो, हा असतो.

मिलादविषयक मतभेद

पैगंबरांच्या जन्माचा उत्सव पैगंबरांच्या किंवा त्यांच्या सहकाऱ्यांच्या काळात साजरा होत नव्हता, हे समर्थक व विरोधक दोघेही मान्य करतात. इजिप्तमधील फातिमी दरबारात मिलाद साजरा होत असे. पुढे इराकमधील अर्बिल येथे मुजफ्फरुद्दीन गोकबुरी (मृत्यू १२३३) याने तो मोठ्या प्रमाणावर भरविला. इब्न हजर अस्कलानी (१३७२–१४४९) आणि जलालुद्दीन सुयूती (१४४५–१५०५) यांनी मिलादला चांगली बिदअत मानले. मूसांच्या सुटकेबद्दल कृतज्ञता म्हणून आशूराचा उपवास धरला जातो. त्याच न्यायाने पैगंबरजन्माबद्दल कृतज्ञता व्यक्त करता येते, असा इब्न हजर यांचा युक्तिवाद होता. इब्न तैमिया (१२६३–१३२८) यांनी या उत्सवास बिदअत ठरविले. मात्र तो करणाऱ्यांना पैगंबरांविषयीच्या प्रेमाचे व सद्हेतूचे पुण्य मिळू शकते, असेही त्यांनी नमूद केले.

भारतीय उपखंडातील विचारप्रवाह

१८६६ साली देवबंद येथे दारुल उलूमची स्थापना झाली. तेथील विद्वान रशीद अहमद गंगोही यांनी प्रचलित स्वरूपातील मिलाद व उरूस यांस विरोध केला. पैगंबरांचे स्मरण हे पुण्यकर्मच आहे. परंतु ठरावीक तारीख, सलाम पढताना उभे राहण्याची सक्ती आणि न करणाऱ्यास दोष देणे यांमुळे ऐच्छिक गोष्टीला अनिवार्यतेचे रूप येते, असा देवबंदी आक्षेप आहे. गंगोही यांचे आध्यात्मिक गुरू हाजी इमदादुल्लाह मुहाजिर मक्की (१८१७–१८९९) हे स्वतः मिलादमध्ये सहभागी होत. 'फैसला हफ्त मसला' या पुस्तिकेत त्यांनी मिलाद, फातिहा, उरूस आदी सात प्रश्नांवर सामंजस्याची भूमिका मांडली.

अहमद रजा खान बरेलवी (१८५६–१९२१) यांनी मिलाद, फातिहा व उरूस यांचे शास्त्राधाराने समर्थन केले. तथापि बरेलवी पंथ प्रत्येक लोकाचाराचा पुरस्कार करतो, असा समज चुकीचा आहे. कबरीपुढे सजदा करणे, वाद्यांसह कव्वाली, प्रचलित ताजिये आणि स्त्रियांनी कबरींच्या दर्शनास जाणे यांस अहमद रजा खान यांचा विरोध होता. अहल-ए-हदीस पंथ मिलाद व उरूस दोन्ही नाकारतो.

महाराष्ट्रातील स्वरूप

महाराष्ट्रात गावोगावच्या पिरांचे उरूस बहुधा ग्रामयात्रेच्या स्वरूपात भरतात. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड तालुके, पुणे–अहिल्यानगर महामार्गावरील शिक्रापूरसारखी बाजारपेठेची गावे आणि भीमेपलीकडील श्रीगोंदा हा प्रदेश याच सांस्कृतिक पट्ट्यात येतो. संदलची मिरवणूक, कबरीवर गलेफ चढविणे, फातिहा, मलिदा आणि नवसाची कंदुरी हे उरुसाचे परिचित घटक आहेत. गावगाड्यात मुलाणी हा बलुतेदार मशीद व पीरस्थानाची व्यवस्था पाहत असे. उरुसात हिंदू कुटुंबांचाही सहभाग असल्याने एखादा आचार बिदअत ठरवून बंद केल्यास त्याचा परिणाम धर्मशास्त्रापुरता मर्यादित राहत नाही. गावातील मानपान, वर्गणी, यात्रेतील व्यापार आणि परस्परसंबंध यांवरही तो होतो. उलटपक्षी, नवस व कंदुरीमुळे ईश्वराऐवजी पिराकडे मागणे मागितले जाते आणि त्यामुळे एकेश्वरत्वाच्या मूळ तत्त्वासच बाध येतो, असे सुधारणावादी उलेमांचे म्हणणे असते. पीर हा केवळ ईश्वराकडे रदबदली करणारा (वसीला) असून दाता ईश्वरच आहे, असे उत्तर समर्थक देतात.

श्रीगोंदा येथील संतकवी शेख महंमद हे या प्रदेशातील महत्त्वाचे उदाहरण होय. 'योगसंग्राम' या मराठी ग्रंथाचे कर्ते असलेल्या शेख महंमदांनी पोकळ कर्मकांडावर टीका केली. त्यांच्या समाधिस्थळी मात्र पुढे दोन्ही समाजांची यात्रा भरू लागली.

मिरज येथील ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात गलेफाचा पहिला मान चर्मकार समाजाकडे आहे. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांच्या स्मरणार्थ याच उरुसात संगीतसभा होते. मुंबईत माहीम येथील मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) यांच्या उरुसात मुंबई पोलिसांना संदलचा मान आहे. माहिमी हे स्वतः कुराणाचे भाष्यकार होते. कोकणातील शाफई पंथीय मुस्लिमांत मौलूद वाचनाची परंपरा आहे.

मोहरममधील पंजे, डोले व ताबूत, तसेच चोंगे व सरबत हे आचार महाराष्ट्रात सुन्नी व हिंदू कुटुंबांतही रूढ होते. देवबंदी व बरेलवी दोन्ही प्रवाहांतील उलेमांनी ताबूतांस विरोध केला आहे. शिया पंथीय मात्र इमाम हुसेन यांच्या शोकास धर्माचा अविभाज्य भाग मानतात. पुण्यातील ताबुतांमधील हिंदूंचा सहभाग कमी होण्याचे कारण वेगळे होते: १८९३ मधील मुंबईची दंगल आणि त्यानंतर सार्वजनिक गणेशोत्सवाचा झालेला प्रसार.

सार्वजनिक जीवन व न्यायालये

मुंबईत भायखळा येथील खिलाफत हाऊसपासून निघणारी ईद-ए-मिलादची मिरवणूक १९१९ पासूनची मानली जाते. २०२३ साली ईद-ए-मिलाद व अनंत चतुर्दशी दोन्ही २८ सप्टेंबर रोजी आल्याने मुस्लिम संघटनांनी मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढण्याचे ठरविले व राज्य शासनाने सुट्टी २९ सप्टेंबरला दिली. अशा तडजोडीस शास्त्राची अडचण आली नाही. कारण समर्थकांच्या दृष्टीनेही मिरवणूक हे फर्ज नसून प्रेमाचे ऐच्छिक प्रकटीकरण आहे.

मिरवणुकांतील डीजे व लेझर प्रकाशझोत यांविरुद्धच्या जनहित याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयात सप्टेंबर २०२४ मध्ये सुनावणी झाली. अशा साधनांस कुराण वा हदीसमध्ये आधार नाही, असे याचिकाकर्त्यांच्या वतीने सांगण्यात आले. गणेशोत्सवात मोठा आवाज अपायकारक असेल तर ईदच्या मिरवणुकीतही तो अपायकारकच आहे, असे मत न्यायालयाने व्यक्त केले. म्हणजेच न्यायालयाने ध्वनिप्रदूषणाचा निकष लावला.

हाजी अली दर्ग्याच्या गाभाऱ्यात स्त्रियांना प्रवेशबंदी करण्यात आल्यावर भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या नूरजहाँ सफिया नियाज व जकिया सोमण यांनी उच्च न्यायालयात दाद मागितली. पुरुष संताच्या कबरीजवळ स्त्रियांनी जाणे इस्लाममध्ये पाप आहे, असा विश्वस्त मंडळाचा बचाव होता. पूर्वी स्त्रियांना प्रवेश होता, याकडे याचिकाकर्त्यांनी लक्ष वेधले. २६ ऑगस्ट २०१६ रोजी न्यायालयाने ही बंदी राज्यघटनेच्या अनुच्छेद १४, १५ व २५ शी विसंगत ठरविली. ऑक्टोबर २०१६ मध्ये विश्वस्त मंडळाने सर्वोच्च न्यायालयापुढे स्त्री-पुरुषांना समान प्रवेश देण्याची तयारी दर्शविली. या प्रकरणात जुनी वहिवाट कोणती आणि नवी गोष्ट कोणती, हाच प्रश्न उलट दिशेने उपस्थित झाला: स्त्रियांचा प्रवेश ही जुनी रीत होती आणि बंदी ही नंतरची होती.

हे सुद्धा पहा

उरूस
ईद-ए-मिलाद
बरेलवी
देवबंदी
शेख महंमद
हाजी अली दर्गा