दुभती गाय, मेलेली गाय

गाव भारी भावानं विकतं. 19 मार्च 2025 ला न्यूयॉर्कच्या लिलावात हुसेनचं 'ग्रामयात्रा' 118 कोटी रुपयांच्या आसपास गेलं. तोवर कुठल्याच आधुनिक भारतीय चित्राला एवढे पैसे आले नव्हते. आधीचा उच्चांक 2023 चा, 61.8 कोटी. तेही अमृता शेरगिलनं 1937 ला काढलेलं खेडंच.

'ग्रामयात्रा' 1954 चं. जवळजवळ 14 फूट लांब, 13 चौकटी. दळणारी बाई, गाईची धार काढणारी बाई, गाडी, पोरंबाळं, एक शेतकरी ताठ उभा. हुसेन पंढरपूरचा, मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरलेला. हात राबलेला, म्हणून रेषा लबाड नाही. पण त्या 13 चौकटींत मी वेस शोधली, वेशीबाहेरचा वाडा शोधला. नाही दिसला. ती गाय म्हातारी होऊन मेली, की ओढायची कुणी?

ही दुसरी गाय रंगवली सवी सावरकरांनी. आडनावावर जाऊ नका, माणूस आपला. जन्म नागपूरचा, 1961 चा. पुढं बडोद्याला शिकले, दिल्लीच्या कला महाविद्यालयात शिकवलं. त्यांच्या चित्रात मेलेली गाय आणि अस्पृश्य आहे, गळ्यात मडकं बांधलेला पेशवाईतला माणूस आहे, देवदासी आहे. या शैलीला अभिव्यक्तिवाद म्हणतात. दिसतं तसं नाही, आत जळतं तसं काढायचं. 1905 ला जर्मनीत ड्रेस्डेनच्या तरुण पोरांनी असं काढायला घेतलं. तिथं वाकडातिकडा चेहरा काढणं हे बंड होतं. आपल्याकडं ती साधी नोंद आहे. गळ्यात मडकं बांधल्यावर मान सरळ राहील का?

बाबासाहेबांनी महाडच्या परिषदेत मेलेली ढोरं ओढणं सोडा म्हणून सांगितलं, ती परिषद 1927 ची, 19 आणि 20 मार्चची. लिलाववाल्यांना ही तारीख ठाऊक असायचं कारणच नाही. पुढं 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत त्यांनी गावाचं कौतुकच झिडकारलं. मसुद्यानं गाव नव्हे, माणूस हा घटक धरला याचा आनंद बोलून दाखवला. त्यानंतर सहा वर्षांनी 'ग्रामयात्रा' रंगली. हुसेनला दोष देत नाही. तो उभा होता तिथून त्याला दुभती गायच दिसत होती.

महाड आमच्याच जिल्ह्यातलं. नावडे 2016 ला पनवेल महापालिकेत गेलं, गावाला तळोज्याच्या कारखान्यांनी घेरलंय. आता ढोरं कुणी ओढत नाही. पण खोली भाड्यानं मागायला जा, आधी आडनाव विचारतात. विचारणाऱ्याचा तो चेहरा मला अजून कुठल्या चित्रात सापडलेला नाही.