ख्रिस्तपुराणाच्या मोजक्या प्रती

इ. स. 1616 मध्ये गोव्यातील रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण प्रथम छापले गेले. पुढे 1649 व 1654 साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. अवघ्या 38 वर्षांत तीन आवृत्त्या निघूनही त्यांपैकी एकही छापील प्रत आज कोठे असल्याचे ज्ञात नाही. सुमारे 11,000 ओव्यांचे हे महाकाव्य आपल्यापर्यंत पोहोचले ते छापखान्यामुळे नव्हे, तर ते रात्री जागून हाताने उतरवून घेणाऱ्या, बहुतांशी निनावी, भाविकांमुळे.

छापील ग्रंथ नाहीसे होण्याला कीड, दमट हवा व सततची हाताळणी कारणीभूत झालीच असेल. परंतु एवढ्यावर थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 27 जून 1684 रोजी गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकभाषेचा वापर सोडून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज आत्मसात करण्याची आज्ञा काढली. आज्ञा काढणारे ख्रिस्तीच होते. अशा वातावरणात मराठी पुराणाची चौथी आवृत्ती कोण काढणार?

गोव्याबाहेर मंगळूरकडील ख्रिस्ती घरांत मात्र हस्तलिखिते जपली गेली व मोठ्याने वाचली गेली. त्यांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी 1907 साली मंगळूर येथे ग्रंथ पुन्हा छापला, तोही चरित्रपर टिपण, प्रस्तावना व शब्दकोश यांसह. पहिल्या छपाईनंतर 291 वर्षांनी झालेले हे काम आमच्या मते आपल्या साहित्याच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या उपकारांपैकी एक आहे. तो ग्रंथ रोमन लिपीत होता, म्हणून आपल्याकडील सामान्य वाचक त्यापासून दूरच राहिला.

लिपीचे हे दुखणे मुळापासूनचे आहे. लोकांच्या भाषेत व लोकांच्याच लिपीत पुस्तके छापावीत, अशी स्टीफन्स यांची फार दिवसांची इच्छा होती. 1608 मध्ये रोमला लिहिलेल्या पत्रात त्यांनी अडचणही सांगितली: रोमन लिपीला 24 अक्षरांचे साचे पुरतात, येथील लिपीला सुमारे 600 लागतील. म्हणून मराठी ओवी रोमन अक्षरांत बसवावी लागली. ‘पुराण’ शब्दातील ‘ण’ दाखविण्यासाठी ‘एन’ हे अक्षर दोनदा लिहीत. उतरवून घेणाऱ्याने त्यातील एक गाळले की ‘ण’चा ‘न’ होई. देवनागरीत छापताना अशा प्रत्येक ठिकाणी थांबून विचार करावा लागतो. या कामी एक अनपेक्षित साहाय्य लाभले. विल्यम मार्सडेन यांच्या लंडनमधील संग्रहात या पुराणाचे एक देवनागरी हस्तलिखित असल्याचे मराठीचे अभ्यासक जस्टिन ॲबट यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विद्वानांच्या नजरेस आणले.

शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती 1956 साली पुण्यातून प्रसिद्ध झाली. 1996 मध्ये फादर कारिदाद द्रागो यांची, तर 2009 मध्ये फादर नेल्सन फाल्काव यांची आवृत्ती आली. फाल्काव यांनी आजच्या मराठीतील गद्यरूपही दिल्यामुळे वाचकाची मोठी सोय झाली. हे सर्व ग्रंथ जाडजूड आहेत. अभ्यासकाला ते हवेतच, पण आजीच्या हातात ते पेलत नाहीत.

म्हणून आम्हांस वाटते की धर्मग्रामांनी लहान पुस्तिका छापाव्यात: एखादा जन्मप्रसंग किंवा दुःखसहनाचा भाग, ठळक टाइपात. पूर्वी खिळे जुळविण्याचा आणि नंतर ऑफसेटच्या प्लेटांचा खर्च निघण्यासाठी हजारभर प्रती काढाव्या लागत आणि त्यांतील निम्म्या माळ्यावर पडून राहत. डिजिटल छपाईत प्लेट लागत नाही. प्रत किंचित महाग पडते, तरी 50 किंवा 100 प्रतीही काढता येतात व संपल्यावर पुन्हा काढता येतात.

हक्कांचा प्रश्न नीट समजून घ्यावा. आपल्या 1957 च्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साधारणतः 60 वर्षे त्याच्या लेखनावर हक्क राहतो. स्टीफन्स 1619 मध्ये निवर्तले. त्यांच्या ओव्या सर्वांच्या आहेत. आधुनिक संपादकाची प्रस्तावना, टिपा व गद्यानुवाद हे मात्र त्याचे स्वतःचे श्रम आहेत. ते विनापरवाना उचलणे ही चोरीच होय, मग पुस्तिका चर्चच्या दारात फुकट वाटली तरीही.

पुस्तिकेच्या पहिल्या पानावर कोणत्या आवृत्तीवरून वा हस्तलिखितावरून ओव्या घेतल्या, कोणते शब्द बदलले व का, हे लिहावे. मुद्रितशोधनासाठी दोघांनी बसावे. एकाने मूळ प्रतीतून मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने नव्या पानावर बोट ठेवून ऐकावे. ओवीचा ताल जेथे अडखळतो, तेथे बहुधा एखादे अक्षर गळालेले असते.