सम्प आणि रेफ्युजियम

सम्प आणि रेफ्युजियम : घरगुती मत्स्यालयाच्या खालच्या कपाटात ठेवलेली आणि नळांनी वरच्या टाकीला जोडलेली दुय्यम टाकी म्हणजे सम्प. तिच्यातला जो कप्पा शैवाल, पाणवनस्पती आणि सूक्ष्म जलचरांसाठी राखून ठेवतात, त्याला रेफ्युजियम म्हणतात. हा शब्द लॅटिन असून त्याचा अर्थ आसरा. माशांचा शिरकाव नसल्याने या कप्प्यात बारीक कवचधारी जीव निर्धास्त वाढतात आणि त्यांतले काही पाण्याबरोबर वर जाऊन माशांचे खाद्य होतात. गोड्या आणि खाऱ्या अशा दोन्ही मत्स्यालयांना ही जोडणी चालते.

रायगड जिल्ह्यात ही कल्पना समजावून सांगायला खाडीकाठ पुरेसा आहे. पेणचा खारेपाट, म्हणजे खाडीकाठची खारवट जमीन, धरमतर खाडीला लागून आहे. रोहे कुंडलिकेकाठी वसले असून ही नदी पुढे रेवदंड्याच्या खाडीतून समुद्राला मिळते. दोन्ही खाड्यांच्या काठांवर तिवरांची वने आहेत. भरतीचे पाणी त्यांच्या मुळांत शिरते, गाळ खाली बसतो, कोळंबीची आणि माशांची पिल्ले मुळांच्या जाळीत लपतात आणि ओहोटीला पाणी परत फिरते. रेफ्युजियमचे काम याच धर्तीवर चालते.

खारेपाटात घराशेजारच्या तळ्यात जिताडा हा मासा पाळण्याची जुनी रीत आहे. तिथे चिखल, शेवाळ, लहान मासे आणि मोठा मासा सगळे एकाच पाण्यात असतात. घाण जिरवणारे जीव तळ्यातच वाढतात. काचेच्या टाकीत जागा थोडी, मासे दाटीने आणि तळाला जेमतेम वाळू. तळे जे आपोआप करते, ते इथे वेगळा कप्पा बांधून साधावे लागते.

कार्य : माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना घातक असतो. सम्पमधल्या सच्छिद्र दगडांवर वा प्लास्टिकच्या चेंडूंवर वाढणारे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. नायट्रेट तुलनेने सौम्य असले, तरी ते साचत जाते. रेफ्युजियममधली वनस्पती ते शोषून वाढते, आणि वाढलेली वनस्पती कापून बाहेर काढली की नायट्रेटही टाकीबाहेर जाते. कापणी केली नाही, तर वनस्पती कुजून तेच द्रव्य पाण्यात परत सोडते.

खाऱ्या टाकीत यासाठी कीटोमॉर्फा हे तारांच्या गुंत्यासारखे हिरवे शैवाल वापरतात. गोड्या पाण्यात मुळे बुडवून ठेवलेला मनी प्लांट उत्तम काम देतो. रेफ्युजियमचा दिवा रात्री लावण्याची पद्धत आहे. वरची टाकी अंधारात असताना खालच्या वनस्पती कार्बन डायऑक्साइड घेत राहतात आणि रात्री पाण्याचा सामू (pH) फार उतरत नाही.

इतिहास : वॉल्टर एडी यांनी अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेत १९८० च्या सुमारास प्रवाळ परिसंस्थेचे मोठे मत्स्यालय उभारले आणि प्रकाशाखाली वाढवलेल्या शैवालाने पाणी शुद्ध करण्याची पद्धत रुजवली. १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने टाकीखालची गाळणी घरोघरच्या हौशी मंडळींपर्यंत पोहोचवली.

बांधणी : ३६ इंच लांब, १५ इंच रुंद आणि १८ इंच उंच अशी टाकी काठोकाठ भरल्यास सुमारे १५९ लिटर पाणी मावते. तिच्यासाठी २४ × १२ × १४ इंचांचा सम्प पुरतो. त्याचे तीन कप्पे करतात. पहिल्यात वरून आलेले पाणी गाळणी पिशवीतून उतरते, मधला कप्पा रेफ्युजियमचा आणि शेवटच्यात पाणी वर चढवणारा रिटर्न पंप असतो. पंपाच्या अलीकडे एकेक इंच अंतरावर तीन आडकाचा बसवतात. पहिली आणि तिसरी तळाला चिकटलेली, मधली तळापासून इंचभर वर. पाणी वर-खाली वळताना बुडबुडे तिथेच सुटतात.

काचा जोडायला व्हिनेगरसारखा वास येणारे, बुरशीनाशक नसलेले सिलिकॉन घ्यावे. ते वाळल्यावर सम्प आठवडाभर भरून ठेवून गळती तपासावी. वरच्या टाकीला भोक पाडायचे असेल, तर ती काच टफन्ड नाही याची आधी खात्री करावी. टफन्ड काच भोक पाडताना फुटते. पंप निवडताना वेष्टनावरच्या आकड्यावर विसंबू नये. चार फूट उंची चढताना प्रवाह बराच घटतो आणि उरलेला प्रवाह ताशी टाकीच्या तीन ते पाच पट असला की पुरे.

वीज आणि पाऊस : पावसाळ्यात वीज जाते तेव्हा सम्पची खरी परीक्षा होते. पंप थांबला की वरचे पाणी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे सम्पमध्ये पाणी उतरवणाऱ्या मार्गाच्या, पातळीपर्यंत खाली येते आणि परतीच्या नळातूनही उलटे वाहू लागते. वरील मापाच्या टाकीत पाणी दोन इंच उतरले, तर सुमारे १८ लिटर खाली येतात आणि सम्पची पातळी जवळपास चार इंच चढते. त्यामुळे सम्पमध्ये चालू पाणी आठ इंचांपुढे ठेवू नये. परतीच्या नळाला पाण्याच्या पृष्ठभागालगत एक बारीक भोक ठेवतात. त्यातून हवा शिरली की उलटा प्रवाह तुटतो. खारेपाटातल्या बांधावरची उघाडी, म्हणजे पाण्याची झडप, भरतीचे पाणी शेतात शिरू देत नाही. घराच्या फरशीसाठी हे भोक तेच काम करते. मात्र त्यात शेवाळ अडकते, म्हणून ते दर आठवड्याला साफ करावे लागते.

पाणी : खारेपाटातल्या अनेक विहिरींचे पाणी मचूळ असते आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, त्यामुळे पाणी तपासून आणि क्लोरीन घालवूनच वापरावे. खाऱ्या टाकीसाठी खाडीचे पाणी आणू नये. पावसाळ्यात ते जवळजवळ गोडे आणि गढूळ होते, शिवाय त्यात सांडपाणी मिसळलेले असू शकते. शुद्ध पाण्यात मत्स्यालयाचे मीठ मिसळून विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आणावे. बाष्पीभवनाने फक्त पाणी उडते, मीठ मागे राहते. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची घालावी.

दक्षता : दगडी प्रवाळ आणि समुद्री घोडे यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण मिळाले. ते बाळगणे वा विकत घेणे गुन्हा आहे. कांदळवनातली, म्हणजे तिवरांच्या वनातली, रोपे उपटून रेफ्युजियममध्ये लावू नयेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशाने महाराष्ट्रातल्या कांदळवनांच्या तोडीला मनाई केली आहे, आणि तसेही ही रोपे सावकाश वाढत असल्याने नायट्रेट फारसे शोषत नाहीत. कापलेले शैवाल किंवा नकोसे झालेले मासे नाल्यात, नदीत वा खाडीत सोडू नयेत. मोनॅकोच्या किनाऱ्यावर १९८४ मध्ये आढळलेले कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे मत्स्यालयातले शैवाल पुढे भूमध्य समुद्राच्या तळावर मैलोन्‌मैल पसरले. कापलेले शैवाल उन्हात वाळवून झाडांच्या आळ्यात घालता येते. खाऱ्या टाकीतले असेल तर आधी गोड्या पाण्यात धुवावे.

सगळी जोडणी झाली की मासे आणण्यापूर्वी टाकी भरून पंप बंद करावा आणि पाणी स्थिर होईपर्यंत थांबावे. अशी चाचणी तीनदा घ्यावी. तिन्ही वेळा सम्पच्या काठाखाली दोन इंच जागा उरली, तरच जोडणी पुरी झाली असे मानावे.