ईम गावाने आखलेली सीमा

इंग्लंड म्हटले की आपल्याला लंडन आठवते. मी मात्र तिथल्या एका खेड्याची हकीकत सांगणार आहे. डर्बीशायर परगण्यातील या गावाचे नाव ईम.

गाव डोंगराच्या अंगाला वसले आहे. उत्तरेस वालुकाश्माचा उंच कडा, दक्षिणेस चुनखडीचा प्रदेश. पूर्वी येथील लोक मेंढ्या पाळीत आणि शिशाच्या खाणींत राबत. १५८८ साली झऱ्यांचे पाणी नळांनी आणून गावात दगडी हौद बांधले गेले. बायकांच्या डोक्यावरचा केवढा भार उतरला असेल!

१६६५ साली लंडनला प्लेगची मोठी साथ होती. तिकडून ईमच्या शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला. कापड दमट, म्हणून त्याच्या हाताखालच्या जॉर्ज व्हिकार्सने ते विस्तवापुढे वाळत घातले. थोड्याच दिवसांत तो दगावला. ७ सप्टेंबरला त्याला पुरले. पिसवा चावून प्लेग होतो हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते.

जून १६६६ मध्ये तरुण धर्मगुरू विल्यम माँपेसन व आधीचे धर्मगुरू थॉमस स्टॅन्ली या दोघांनी गावाला पटविले की, कोणीही शीव ओलांडायची नाही. दोघांची धर्ममते निराळी, तरी या कामी ते एक झाले. शेजारच्या गावचे लोक सीमेच्या दगडापाशी धान्य ठेवीत. दगडाला भोके पाडून त्यांत शिरका भरलेला असे, त्यात पैसे टाकायचे. चॅट्सवर्थहून तिथल्या उमरावानेही अन्न पुरविले. प्रार्थना उघड्या घळीत होऊ लागल्या, आणि ज्याने त्याने आपले मृत आपणच पुरावेत असे ठरले.

हा नियम एलिझाबेथ हँकॉक या बाईला फार जड गेला. ऑगस्टमध्ये अवघ्या आठ दिवसांत तिचा नवरा व सहा मुले गेली. खांदा द्यायला कोणी नाही. एकेकाला ओढत नेऊन तिने घराजवळच्या शेतात पुरले. हे लिहिताना माझा हात थांबतो. गावाने निश्चय केला तेव्हा अशा बायांना कोणी विचारले असेल काय?

माँपेसन यांनी आपली दोन मुले आधीच यॉर्कशायरला पाठविली होती. त्याबद्दल त्यांना कोणी नावे ठेवतात, मी ठेवीत नाही. त्यांची पत्नी कॅथरीन मात्र गावातच राहिली, रोग्यांपाशी गेली, आणि २५ ऑगस्टला वारली. आपल्या सावित्रीबाई फुले १८९७ साली पुण्याच्या प्लेगात आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेल्या व त्यातच वारल्या, त्यांची आठवण येथे होतेच.

नोव्हेंबर १६६६ च्या आरंभी शेवटचा बळी गेला. सुमारे २६० माणसे मेली, पण आसपासची गावे वाचली. एलिझाबेथ जगली, आणि पुढे शेफिल्डला उरलेल्या मुलाकडे राहायला गेली.