प्रायव्हेट लिमिटेड कंपनी रीतसर बंद करताना...

कार्यालयाला कुलूप लागले, कर्मचारी पांगले, व्यवहार थांबले, तरी कायद्याच्या दृष्टीने कंपनी जिवंतच असते. कंपनी निबंधकांच्या नोंदवहीतून नाव वगळले जाईपर्यंत ताळेबंद व वार्षिक विवरणपत्र सादर करण्याची जबाबदारी संचालकांवर राहते. सलग तीन आर्थिक वर्षे ती पार न पाडल्यास कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १६४ नुसार संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. २०१७ मध्ये केंद्र सरकारने दोन लाखांहून अधिक निष्क्रिय कंपन्यांची नावे वगळली, तेव्हा अनेक संचालकांना या तरतुदीचा फटका बसला.

मार्ग कोणता?

स्थापनेनंतर वर्षभरात व्यवसाय सुरूच झाला नसेल किंवा लगतच्या दोन आर्थिक वर्षांत तो झाला नसेल, तर कंपनीला कलम २४८ खाली नाव वगळण्यासाठी स्वतः अर्ज करता येतो. मात्र त्याआधी सर्व देणी फेडलेली असावी लागतात. मालमत्ता विकून व देणी चुकती करून कारभार गुंडाळू इच्छिणाऱ्या सक्षम कंपनीसाठी नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ च्या कलम ५९ नुसार ऐच्छिक परिसमापनाचा मार्ग आहे. त्यात परिसमापकाची नेमणूक होते आणि अखेरचा आदेश राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरण देते. व्यवसाय पुढे कधीतरी सुरू करायचा असल्यास कलम ४५५ नुसार 'सुप्त कंपनी'चा दर्जा मागता येतो.

अर्जाची प्रक्रिया

प्रथम संचालक मंडळाचा ठराव होतो. त्यानंतर विशेष ठराव किंवा भरणा झालेल्या भांडवलाच्या ७५ टक्के भागधारकांची संमती आवश्यक असते. व्यवसाय थांबला त्या आर्थिक वर्षापर्यंतची थकीत विवरणपत्रे भरावी लागतात. १ जुलै २०१८ पासून त्यांच्या विलंबासाठी प्रत्येक अर्जामागे दररोज १०० रुपये अतिरिक्त शुल्क लागू झाले. त्यामुळे दिरंगाई महागात पडते. बँक खाते बंद करणे आणि वस्तू व सेवा कराची नोंदणी रद्द करून अंतिम विवरणपत्र भरणे, ही कामेही आधीच उरकावीत.

'एसटीके-२' या अर्जासोबत संचालकांचे हमीपत्र, प्रतिज्ञापत्र आणि सनदी लेखापालाने प्रमाणित केलेले हिशेबपत्रक जोडावे लागते. हे पत्रक अर्जाच्या तारखेपूर्वी ३० दिवसांहून जुने चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अर्जाचे शुल्क पाच हजारांवरून १० हजार रुपये करण्यात आले. मे २०२३ पासून हे अर्ज देशभरासाठी मानेसर येथील 'सी-पेस' केंद्रात हाताळले जाऊ लागले. जाहीर सूचनेनंतर हरकतींसाठी ३० दिवसांची मुदत असते. हरकत नसल्यास राजपत्रात सूचना प्रसिद्ध होऊन कंपनी विसर्जित होते.

हे ध्यानात ठेवा

अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत कंपनीचे नाव बदलले असेल किंवा नोंदणीकृत कार्यालय दुसऱ्या राज्यात हलवले असेल, तर अर्ज करता येत नाही. नाव वगळल्यानंतरही संचालक व भागधारकांचे उत्तरदायित्व संपत नाही. कंपनी, तिचा भागधारक, धनको किंवा कामगार २० वर्षांच्या आत न्यायाधिकरणाकडे दाद मागून कंपनी पुनरुज्जीवित करून घेऊ शकतो. म्हणूनच धनको, कर्मचारी आणि करखाते यांचे हिशेब पूर्ण करून त्यांच्या पावत्या व 'ना-देय' प्रमाणपत्रे जपून ठेवणे संचालकांच्या हिताचे ठरते.